चाळणीत उरलेली दाढ

मित्रांनो, मी एक जुनी चाळण आहे. पीठ चाळणारी नव्हे, माती चाळणारी. माझी जाळी आता दोन ठिकाणी फाटली आहे आणि चौकटीचा एक कोपरा सुंभाने बांधलेला आहे. माझ्यातून किती डोंगर खाली गळले असतील त्याचा हिशोब कोणी ठेवला नाही. पण माझ्यात जे उरलं, त्याची नोंद मात्र दर वेळी झाली. त्यातलीच एक गोष्ट तुम्हाला सांगते.

माझा जन्म तुर्काना तळ्याच्या पश्चिमेला, लोडवार गावातल्या एका सुताराच्या पडवीत झाला. तो खाटा, दारं आणि शवपेट्या करायचा. एके सकाळी त्याच्या दारात जीप थांबली आणि एक वाकलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस उतरला. त्याचं नाव क्यालो. त्याने वाळूत बोटाने चौकट काढून दाखवली.

"दोन हात लांब, दीड हात रुंद. ज्वारीचा दाणा वर अडला पाहिजे आणि वाळू खाली पडली पाहिजे."

"एवढी मोठी चाळण? गावजेवण घालताय की काय, म्झे?" सुताराने विचारलं. तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला म्झे म्हणतात.

"आजोबांना शोधायचंय."

"कोणाच्या?"

"तुझ्या."

सुताराने हातोडी खाली ठेवली. "माझे आजोबा तळ्याकाठी पुरलेत. जागा मला ठाऊक आहे. त्यासाठी चाळण कशाला हवी?"

"त्यांचे नाही रे. आजोबांच्या आजोबांचे आजोबा, असं बोलत बोलत तू तोंड दुखेपर्यंत मागे गेलास ना, की जो भेटेल तो. तुझाही तोच, माझाही तोच."

सुतार हसला, पण त्याने चौकट अगदी काटकोनात केली. कोणाचे का असेनात, आजोबांचं काम होतं.

क्यालो हा खोदकामाच्या तळावरचा मुकादम. तळ म्हणजे बाभळींच्या सावलीत आठ-दहा तंबू, एक स्वयंपाकाची झोपडी आणि चहूकडे उघड्या टेकड्या. पाऊस क्वचितच पडे, पण पडला की उतारावरून जोरात वाहे आणि लाखो वर्षं गाडलेली हाडं उघडी करून जाई. त्या हाडांचा दगड झालेला असे. मजूर उतारावरची माती खरवडून टोपल्यांत भरत. ती माझ्यात ओतली जाई आणि दोन माणसं मला दोन्ही बाजूंनी धरून हलवत. वाळू खाली, खडे वर. मग ते खडे ताटात पसरून एकेक पाहायचे. बहुतेक वेळा ते नुसते खडेच असत. कधी माशाचा मणका, कधी मगरीचा दात, कधी पाणघोड्याच्या दाताचा तुकडा. डुकरांच्या दाढा तर ढिगाने. ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता, ते माणसाच्या पूर्वजांचं हाड वर्षातून एकदा आलं तर आलं, नाहीतर नाही.

शंका आली की क्यालो खडा जिभेला लावून बघायचा. "दगड जिभेवरून घसरतो," तो नवीन मजुरांना सांगे. "हाड चिकटतं. लाख वर्षांनीसुद्धा चिकटतं."

तळावर स्वयंपाक करायची नाक्वांग. उंच, गळ्यात मण्यांच्या माळांचा ढीग, आणि जीभ अशी की मुकादमसुद्धा तिच्यापुढे जपून बोलायचा. एका हंगामात ती आपल्या भाचीला घेऊन आली. भाचीचं नाव अरुपे. असेल वीस-बावीस वर्षांची. ती जन्मापासून बहिरी होती, त्यामुळे तोंडाने बोलणं तिला कधी आलंच नाही.

"हिला चाळणीवर लावा," नाक्वांग म्हणाली.

क्यालोने मान हलवली. "इथे हाका माराव्या लागतात, नाक्वांग. वरून दगड सुटला तर हिला कोण सांगणार?"

"चाळण सपाटीवर आहे. तिथे कुठला दगड सुटतोय? आणि तुमचे हे कानवाले गडी तुमचं ऐकतात का, म्झे? काल तीनदा हाक मारलीत, एक तरी उठला का?"

गडी खाली मान घालून हसले. क्यालोलाही हसू आलं. त्याने अरुपेला माझ्यापाशी आणून उभं केलं.

मित्रांनो, तिच्यासारखे हात मला त्याआधी आणि त्यानंतरही भेटले नाहीत. बाकीचे मला हलवताना गप्पा मारत, गाणी म्हणत. अरुपेचं सारं लक्ष माझ्या जाळीवर. कुठला खडा कसा थरथरतो ते तिला चौकटीतून कळायचं. महिन्याभरात तिला डुकराची दाढ आणि माकडाची दाढ न सांगता वेगळी करता येऊ लागली. नाक्वांग दुपारी चहाची किटली घेऊन आली की दोघी हातांनी बोलत बसत. या खुणा त्यांना कोणी शिकवल्या नव्हत्या. अरुपे शेळ्यांमागे फिरणारी लहान पोर होती तेव्हापासून त्या दोघींनी मिळून केलेल्या होत्या. हात पाठीमागे बांधून जरा वाकलं की क्यालो. हवेत गोल पळी फिरवली की नाक्वांग. तळहात गालाला एकदा लावला की काल, दोनदा लावला की परवा.

त्या वर्षी नैरोबीहून डॉ. कागेंडो आपल्या बारा विद्यार्थ्यांना घेऊन आल्या. मुलं मानवशास्त्राच्या पहिल्या वर्षाची होती. सकाळी काम आणि दुपारी बाभळीखाली वर्ग. मी तिथेच झाडाला टेकवलेली असायची, त्यामुळे माझंही बरंच शिक्षण झालं. माणूस आजच्या माकडापासून झालेला नाही, दोघांचे पूर्वज फार मागे कुठेतरी एक आहेत, हे मला तेव्हा कळलं. आपले पूर्वज आधी दोन पायांवर चालायला लागले आणि मेंदू मोठा व्हायला त्यानंतरही लाखो वर्षं गेली, हेही कळलं. चालण्यातून मोकळ्या झालेल्या हातांनी दगड फोडले, हत्यारं केली. हाडं सापडतात, हत्यारं सापडतात. बोलणं मात्र मातीत उरत नाही.

एका दुपारी डॉ. कागेंडो भाषेवर बोलत होत्या. "बिबट्या दिसला की माकड ओरडतं. बाकीची माकडं झाडावर चढतात. ही झाली सूचना. पण काल बिबट्या आला होता, असं माकडाला सांगता येत नाही. बिबट्या आला असता तर काय झालं असतं, हेही नाही. समोर नाही त्याबद्दल बोलता येणं आणि माहीत असलेल्या शब्दांतून कधीच न बोललेलं वाक्य तयार करणं, ही भाषेची खूण."

बरासा नावाच्या विद्यार्थ्याने हात वर केला. हुशार पोरगा, पण जरा उतावळा. डोक्यावरची टोपी सारखी मागेपुढे करायची त्याला सवय होती. त्याने माझ्याशेजारी बसलेल्या अरुपेकडे बोट दाखवलं.

"मॅडम, मग त्या बाईंचं काय? त्यांना भाषा आहे की नाही?"

डॉ. कागेंडोंनी अरुपेकडे पाहिलं. "बहिऱ्या माणसांच्या खुणांच्या पूर्ण विकसित भाषा आहेत. पण त्या शिकायला शाळा लागते, इतर बहिरी माणसं लागतात. हिला यातलं काहीच मिळालेलं नाही. हिचे आहेत ते नुसते हातवारे. भूक, तहान, ये, जा. एवढंच."

मुलांनी वहीत लिहून घेतलं. अरुपे त्यांच्याकडे बघून हसली, कारण सगळे तिच्याकडे बघत होते. मला फार वाईट वाटलं. पण चाळणीने वर्गात हात वर कसा करायचा?

दोन दिवसांनी सकाळीच क्यालो जीप घेऊन पाणी आणायला गेला होता. तीन वेगवेगळ्या घळींतून टोपल्या येत होत्या. कुठली टोपली कुठून आली त्याची चिठ्ठी कडीला बांधायचं काम टोपल्या आणणाऱ्या बरासाकडेच होतं. एक टोपली माझ्यात ओतली गेली, वाळू गळली आणि जाळीवर एक तपकिरी तुकडा थरथरत राहिला. अरुपेचे हात थांबले. तिने तो उचलला, थुंकी लावून पुसला, उन्हात धरला. दाढेचा वरचा भाग होता तो. मूळ मोडलेलं, माथ्यावर बुटके, गोलसर उंचवटे. ती ताडकन उठली आणि तळहातावर तो तुकडा घेऊन बरासाकडे धावली.

बरासाने ओझरतं पाहिलं. "डुक्कर," तो म्हणाला आणि दाढ डुकराच्या पिशवीत टाकली. अरुपेने त्याची बाही ओढली. जोरजोराने मान हलवली. पिशवीकडे बोट केलं. "हो गं बाई, डुक्कर, डुक्कर!" असं म्हणत तो टोपी सारखी करून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्यालो पिशव्या तपासायला बसला. डुकराच्या पिशवीतून त्याने एक तुकडा काढला, जिभेला लावला, भिंगाखाली धरला. मग तो उभा राहिला.

"हा डुकरात कोणी टाकला?"

सगळे गोळा झाले. डॉ. कागेंडोंनी भिंगातून फिरवून फिरवून पाहिलं. दाढ आपल्या पूर्वजाची होती.

पण आनंद फार टिकला नाही. "कुठल्या घळीतली?" क्यालोने विचारलं. कोणालाच सांगता येईना. त्या टेकड्यांत एक करड्या राखेचा पट्टा आहे. फार पूर्वी ज्वालामुखीची राख तिथे पडली, तिचं वय मोजलेलं आहे. वस्तू राखेच्या खालची असेल तर राखेहून जुनी, वरची असेल तर नवी. जागा हरवली तर ती दाढ नुसतीच एक दाढ. तिला ना वय, ना घर.

"चिठ्ठ्या कुठे आहेत?" डॉ. कागेंडोंनी विचारलं.

बरासाचा चेहरा उतरला. "बांधल्या होत्या मी, मॅडम. चाळणीवरच्या बाईंनी काढून टाकल्या असतील. त्यांना काय कळतंय?"

मित्रांनो, चिठ्ठ्या बांधल्याच नव्हत्या. मी तिथेच होते.

क्यालो अरुपेकडे वळला. तो रागावला नव्हता, थकला होता. "चूक माझी आहे," तो नाक्वांगला म्हणाला. "मी हिला घ्यायलाच नको होतं. उद्या हिला घरी घेऊन जा."

नाक्वांगने हातातली पळी खाली आपटली. "घरी नेईन. पण आधी तिला विचारा तरी!"

"काय विचारू? कसं विचारू?"

"मी आहे ना!"

नाक्वांगने अरुपेला समोर उभं केलं आणि झाला प्रकार खुणांनी सांगितला. अरुपेचे डोळे आधी विस्फारले, मग बारीक झाले. तिचे हात चालू लागले आणि नाक्वांग मोठ्याने सांगू लागली.

"काल. सूर्य इथे होता, एवढा वर. टोपीवाल्या मुलाने टोपली आणली. कडीला लाल चिंधी बांधलेली टोपली."

"लाल चिंधीची टोपली आपल्याकडे एकच आहे," कोणीतरी म्हणालं.

"त्याने तीन खेपा केल्या. दाढ दुसऱ्या खेपेत आली."

"माती कुठून आणली?" डॉ. कागेंडोंनी विचारलं.

अरुपेने हवेत टेकडी काढली. तव्याची राख पुसावी तशी बोटं आडवी फिरवली. मग दुसरा हात त्या रेघेच्या बराच खाली नेला, मूठ वळली आणि दोन बोटं शिंगांसारखी वर केली.

"राखेच्या पट्ट्याखाली," नाक्वांग म्हणाली. "जिथे खडक बसलेल्या शेळीसारखा दिसतो तिथे. चाळणीपाशी बसून तिला ती घळ दिसते. त्याला माती भरताना तिने पाहिलंय. म्हणते, कडीला चिठ्ठी नव्हती. आणि म्हणते, दाढ त्याला दाखवली होती. त्यानेच पिशवीत टाकली."

सगळे बरासाकडे बघू लागले. तो टोपी काढून हातात चुरगळत होता.

डॉ. कागेंडो मात्र अरुपेच्या हातांकडे बघत होत्या. "तिला अजून एक विचाराल का?" त्या हळूच म्हणाल्या. "म्झे क्यालो त्या वेळी इथे असते, तर काय झालं असतं?"

नाक्वांगने विचारलं. अरुपेने आधी क्यालोकडे पाहिलं. मग हात पाठीमागे बांधून वाकली, जीभ बाहेर काढली, तिला बोट लावलं आणि दोन्ही पायांवर उंच उडी मारली. नाक्वांगला सांगावंच लागलं नाही. सगळे खो खो हसले, क्यालोही हसला. तिकडची तुर्काना जमातीची माणसं नाचताना तशाच उड्या मारतात. म्हातारा क्यालो नाचला असता, असं ती म्हणत होती.

मग अरुपे बरासाकडे वळली. टोपी सारखी केल्याची खूण केली, दोन बोटं डोळ्यांना लावली आणि तीच बोटं दोन्ही कानांवर नेऊन ठेवली.

नाक्वांग गोंधळली आणि लगेच फिसकन हसली. "म्हणते, टोपीवाल्याचे डोळे कानांत आहेत. सांगितलेलं तेवढं ऐकतो, समोरचं बघत नाही."

"असं ती नेहमी म्हणते का?" डॉ. कागेंडोंनी विचारलं.

"छे! हे मी आज पहिल्यांदाच पाहिलं."

"तरी तुम्हाला कळलं?"

"न कळायला काय झालं?"

तेवढ्यात बरासा पुढे आला. "चिठ्ठ्या मी बांधल्या नव्हत्या, मॅडम," तो खाली बघत म्हणाला. "दाढही मीच टाकली. घाबरलो म्हणून खोटं बोललो."

"मला नको सांगूस," डॉ. कागेंडो म्हणाल्या. "जिच्याबद्दल बोललास तिला सांग."

बरासा अरुपेसमोर उभा राहिला, पण सांगायचं कसं ते त्याला कळेना. शेवटी त्याने नाक्वांगकडे पाहिलं. "मावशी, चुकलो असं कसं म्हणतात?" नाक्वांगने दाखवलं. मूठ छातीवर ठेवून ती हळूच उघडायची. बरासाने तसं केलं. अरुपेने मान डोलावली आणि त्याचा अंगठा चुकीच्या बाजूला होता तो सरळ करून दिला.

बसलेल्या शेळीच्या खडकाखालची माती पुढचे तीन दिवस माझ्यातून गेली. एका बाजूला अरुपे आणि दुसऱ्या बाजूला बरासा. पहिले दोन दिवस काहीच नाही. खडे, मासे, पुन्हा खडे. काही विद्यार्थी कुजबुजू लागले की चाळणीवरच्या बाईंनी जागा अंदाजाने सांगितली असेल. बरासा मात्र मला हलवत राहिला. तिसऱ्या दिवशी उन्हं कलताना माझ्या जाळीवर नखाएवढा तुकडा उरला. दाढेचं मूळ. क्यालोने खिशातून डबी काढली, कापसातली दाढ बाहेर घेतली आणि दोन तुकडे जोडून पाहिले. ते असे बसले की मधली रेघही दिसेना.

क्यालोने नोंदवही उघडली. जागा लिहिली, राखेपासूनची खोली लिहिली. 'कोणाला सापडली' या रकान्यात त्याने आजवर बहुतेक वेळा स्वतःचंच नाव लिहिलेलं होतं. तिथे त्याने सावकाश, मोठ्या अक्षरांत लिहिलं: अरुपे.

दुसऱ्या दुपारी डॉ. कागेंडो वर्गात आल्या आणि म्हणाल्या, "गेल्या आठवड्यात मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. वह्या काढा आणि ती ओळ खोडा. अरुपेने आदल्या दिवशी काय झालं ते सांगितलं. जे झालंच नाही तेही सांगितलं. कधीच न म्हटलेलं वाक्य तयार केलं आणि समोरच्याला ते कळलं. दोघींच्या या खुणांना पूर्ण भाषा म्हणायचं की भाषेची सुरुवात, यावर आमच्यातले लोक वाद घालतील. घालू देत. पण नुसते हातवारे, असं जे मी म्हटलं, ते न बघता म्हटलं होतं."

त्यानंतर अरुपे तळावर सतरा हंगाम होती. पुढे तीच नवीन मजुरांना चाळायला शिकवी. बरासा दर वर्षी येत राहिला. आधी विद्यार्थी म्हणून, मग शिक्षक म्हणून. नाक्वांगसमोर बसून तो खुणा वहीत उतरवून घेई, आणि नाक्वांग त्याला म्हणे, "अरे, दहा वर्षांत शेळ्यासुद्धा यापेक्षा जास्त शिकल्या!"

एका वर्षी क्यालो आला नाही. तो आपल्या गावी मुलाकडे राहायला गेला होता. त्याच्या पुढच्या वर्षी तळ उघडायच्या आधीच नाक्वांग तापाने गेली.

अरुपे त्या हंगामात कामाला आली. हातही पूर्वीसारखेच चालत होते. पण दुपारी चहाची किटली आली की ती सवयीने हात वर करी, काहीतरी सांगायला सुरुवात करी आणि मध्येच थांबे. समोर किटली घेऊन आलेली नवी स्वयंपाकीण असे, तिला त्यातलं काही कळत नसे. आत्या गेल्याचं दुःख तर होतंच. पण जिच्याजवळ ते दुःख बोलावं तीच गेली होती. मित्रांनो, मी कितीतरी मेलेली हाडं पाहिली आहेत. पण एखाद्याचं बोलणं असं त्याच्या हातातल्या हातात थांबलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

आठवड्याने बरासा आला. त्याचे केस कानांपाशी पांढरे झाले होते. तो अरुपेसमोर बसला, हवेत गोल पळी फिरवली, मग गालाला हात लावला आणि थांबला. त्याला म्हणायचं होतं, नाक्वांगची मला फार आठवण येते. पण आठवणीची खूण त्याच्या वहीत नव्हती. अरुपेने त्याचा थांबलेला हात पाहिला. मग तिने त्याचा हात धरला, त्याच्या कपाळावरून छातीपर्यंत आणला आणि तिथे दाबून धरला. त्याने ती खूण पुन्हा करून दाखवली. तिने दुरुस्त केली. अंधार पडेपर्यंत ती दोघं बोलत होती. ती किती रडली आणि मध्येच किती हसली ते मी पाहिलं.

आता तळावर मोटारीवर चालणाऱ्या चाळण्या आल्या आहेत. मी स्वयंपाकाच्या झोपडीमागे असते. माझ्यावर मासे वाळत घालतात. माझी काही तक्रार नाही, मासे मला लहानपणापासून ओळखीचे आहेत. मला नवी जाळी बसवा, असंही मी म्हणणार नाही. फक्त एक मागते. तुमच्या घरात, शेजारात, गावात असं कोणी असेल की ज्याचं बोलणं एकाच माणसाला कळतं, तर उशीर करू नका. ते समजणारं एक माणूस आहे तोवर त्याच्याजवळ जाऊन बसा आणि दुसरे तुम्ही व्हा.